नवऱ्याच्या नोकरीबरोबर फ्रान्सला जाताय? मग तुमच्या नावाचे कागद आधी

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याचं कुटुंब क्लेरमाँ-फेराँला निघालंय. नवऱ्याला तिथे चार वर्षांचं काम मिळालंय. तो आधी जाणार, ताई आणि सहा वर्षांची मुलगी दोनेक महिन्यांनी. घरात शाकाहार. ताईंना फ्रेंच येत नाही आणि इथली चांगली नोकरी सोडून त्या जाताहेत. इंग्रजीवर निभावेल का, मुलीच्या शाळेचं काय, आणि मी तिथे दिवसभर करायचं काय, असं त्यांनी विचारलंय.

मी याच भागात राहते आणि कामासाठी बाहेरून आलेल्या कुटुंबांचं बस्तान बसवून देणं हाच माझा व्यवसाय आहे. घर, रहिवासाचे अर्ज, आरोग्य विमा, शाळा हे सगळं माझ्या हाताखालून जातं. ताई, तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत, ती पुढे देतेच. तिसऱ्या प्रश्नाच्या मुळाशी मात्र एक गोष्ट आहे जी निघण्याआधी फारसं कोणी सांगत नाही. नवऱ्याबरोबर आलेल्या बाईच्या नावाचा इथे एकही कागद तयार होत नाही. कंपनीची माणसं धावपळ करतात ती त्यांच्या कर्मचाऱ्यासाठी. भाडेकरार त्याच्या नावावर, वीज त्याच्या नावावर, बँक खातं त्याचं, इंटरनेट त्याचं. मग चार-सहा महिन्यांनी तिला फ्रेंचच्या वर्गात नाव घालायचं असतं, वाचनालयाचं कार्ड हवं असतं, नोकरीसाठी नोंदणी करायची असते. प्रत्येक ठिकाणी पत्त्याचा पुरावा मागतात, आणि तो तिच्याकडे नसतो. दिवसभर घरात बसून राहण्याची सुरुवात बऱ्याचदा इथून होते.

आता कशावर काय अवलंबून आहे ते सांगते. सगळ्यात आधी तुमचा व्हिसा. काही व्हिसांवर लिहिलेलं असतं की फ्रान्समध्ये आल्यापासून दोन महिन्यांच्या आत रहिवासी कार्डासाठी अर्ज करा. काही व्हिसे स्वतःच रहिवासी परवान्याचं काम करतात, पण ते आल्यापासून तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन वैध करून घ्यावे लागतात, कर भरून. ही तारीख चुकली तर पुढचं सगळं अडतं. नवऱ्याचा परवाना ‘तालाँ’ प्रकारचा, म्हणजे कुशल परदेशी माणसांसाठीचा, असेल तर तुमचा ‘तालाँ-फामीय’, म्हणजे त्याच्या कुटुंबासाठीचा, असतो आणि त्यावर तुम्हाला नोकरी करता येते. हे नवऱ्याच्या एचआरला आत्ताच विचारा. दुसरं म्हणजे तुम्ही कुठल्या महिन्यात येता. ऑगस्टमध्ये अर्धं गाव सुट्टीवर असतं, कामं हलत नाहीत. सप्टेंबरमध्ये सगळं एकदम सुरू होतं. तिसरं, घर सामानासकट घेताय की रिकामं. त्यावर कराराची मुदत, डिपॉझिट आणि सोडण्याची नोटीस ठरते.

पुण्यातून निघण्याआधीचं एक काम मी सगळ्यात वर ठेवते: तुमचं नाव. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, कधी पहिलं नावही बदलतं. समजा, माधुरी दत्तात्रय जोशी या लग्नानंतर मृणाल समीर देशपांडे झाल्या. पासपोर्टवर मृणाल समीर देशपांडे, जन्मदाखल्यावर माधुरी किंवा नुसतंच ‘मुलगी’. फ्रान्समध्ये बाईचं जन्माचं आडनाव कायद्याने आयुष्यभर तेच राहतं. नवऱ्याचं आडनाव वापरता येतं, पण फॉर्मवर त्याचा रकाना वेगळा असतो. रहिवासी परवाना पासपोर्टवरून बनतो, आरोग्य विम्याचं कार्यालय जन्मदाखल्यावरून नोंद करतं. म्हणजे एकाच बाईच्या दोन व्यक्ती होतात आणि मग महिनोन्महिने पत्रव्यवहार चालतो.

त्यामुळे हे करा. जन्मदाखल्यावर तुमचं नाव नसेल तर महापालिकेतून घालून घ्या. दाखल्यावर आई-वडिलांची पूर्ण नावं आहेत ना, बघा. विवाह नोंदणीच्या प्रमाणपत्रावर तुमचं माहेरचं पूर्ण नाव हवं. पहिलं नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद काढून ठेवा. जन्मदाखला आणि विवाह प्रमाणपत्र यांचं राज्य पातळीवरचं साक्षांकन आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा यासाठीचा शिक्का, करून घ्या. फ्रेंच भाषांतर मात्र फ्रान्समधल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करा आणि सगळे कागद एकाच माणसाला द्या. दोघांकडे दिले की एकजण ‘दत्तात्रय’चं स्पेलिंग एक करतो, दुसरा वेगळं. मुलीच्या जन्मदाखल्याचंही हेच. आणि एकदा ठरलं की प्रत्येक फॉर्मवर तीच मांडणी: जन्माचं आडनाव, वापरातलं आडनाव, पहिली नावं. पहिल्या नावाच्या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव घालायचं की नाही, ते पासपोर्ट बघून ठरवा. पासपोर्टवर ते पहिल्या नावाला जोडून असेल तर सगळीकडे तसंच लिहा.

आता घर. भाडेकरारावर दोघांची नावं आणि दोघांच्या सह्या असाव्यात. तुम्ही नंतर येणार असलात तरी. नवरा एकटा पुढे जातो, घाईत सही करतो आणि ‘बायकोचं नंतर बघू’ म्हणतो, हे मी सारखं बघते. फ्रेंच कायद्यात नवरा-बायको ज्या घरात राहतात त्या घराच्या भाड्याचा हक्क दोघांचाही धरला जातो, करार एकाच्या नावावर असला तरी. मालकाच्या नोटिसा दोघांनाही वेगळ्या याव्यात यासाठी लग्न झाल्याचं त्याला कळवलेलं असावं लागतं. पण काउंटरवरच्या माणसाला कायद्याचं कलम नको असतं, तुमचं नाव असलेला कागद हवा असतो.

घरमालक पगाराच्या पावत्या, नोकरीचा करार, उत्पन्न भाड्याच्या साधारण तिप्पट आहे का हे बघतात. जामीनदार मागतात, जो परदेशातून आलेल्या माणसाकडे नसतो. त्यासाठी ‘व्हिझाल’ ही मोफत हमी मिळते का ते आधी तपासा. रिकाम्या घराला डिपॉझिट जास्तीत जास्त एका महिन्याचं, सामानासकट असेल तर दोन महिन्यांचं. यापेक्षा जास्त कोणी मागितलं तर ते बेकायदेशीर आहे. किल्ली घेताना घराच्या स्थितीची नोंद होते, तिथे घाई करू नका. नळ सोडून बघा, प्रत्येक खिडकी उघडा, फरशीवरचा ओरखडा लिहून घ्या, फोटो काढा. काही राहून गेलं तर दहा दिवसांच्या आत नोंदीत भर घालायला सांगता येतं. घराचा विमा भाडेकरूला सक्तीचा आहे. त्या प्रमाणपत्रावरही दोघांची नावं.

वीजबिलाचं महत्त्व आपल्याला तिकडे बसून कळत नाही. एका ताईंबरोबर मी एका कार्यालयात गेले होते. त्यांच्या हातातल्या फाइलमध्ये पासपोर्ट, व्हिसा, विवाह प्रमाणपत्राचं भाषांतर, मुलाच्या शाळेचं पत्र, सगळं पारदर्शक कप्प्यांत नीट लावलेलं. समोरच्या बाईंनी एकेक कागद उलटा करून ठेवला, वीजबिलापाशी थांबल्या, बोट नावावर ठेवलं आणि म्हणाल्या, “हे तुमच्या नावावर नाही.” बाकी काही बघितलं नाही. आम्ही बाहेर येऊन वीज कंपनीला फोन लावला आणि सहधारक म्हणून त्यांचं नाव घालायला सांगितलं. त्याच दिवशी दोघांच्या नावाचं प्रमाणपत्र वेबसाइटवर आलं. एवढंसं काम, पण ते कोणाला सुचलेलं नव्हतं. नवऱ्याला नवं कनेक्शन घेतानाच दोन्ही नावं सांगू द्या. ते राहिलं तर नवऱ्याने ‘ही माझ्या घरी राहते’ असं लिहून, सोबत त्याचं ओळखपत्र आणि बिल जोडायचं. तेही चालतं, पण स्वतःच्या घरात पाहुणी असल्याचं दरवेळी लिहून द्यावं लागतं, ते मला पटत नाही.

बँकेत संयुक्त खातं जरूर उघडा, पण एक खातं फक्त तुमचंही हवं. नवऱ्याच्या परवानगीशिवाय बायकांना खातं उघडता येऊ लागलं ते फ्रान्समध्ये १३ जुलै १९६५ च्या कायद्याने. म्हणजे इथल्या आजीबाईंना तो काळ अजून आठवतो. खात्याच्या तपशिलाचा कागद, ज्याला सगळे ‘रिब’ म्हणतात, तो फोनपासून विम्याच्या परताव्यापर्यंत सगळीकडे लागतो. एखाद्या बँकेने नाही म्हटलं तर नकाराचं पत्र लेखी मागा. ते घेऊन बाँक द फ्राँसकडे, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेकडे, अर्ज करता येतो आणि ती एक बँक नेमून देते.

आरोग्य विमा. इथे नोकरी न करणारी बायको नवऱ्याच्या कार्डावर चढते, ही जुनी माहिती अजून फिरते. २०१६ पासून प्रत्येक प्रौढाची नोंद स्वतःच्या नावाने होते. नोकरी असलेल्याची कामावरून, बाकीच्यांची इथल्या कायमच्या वास्तव्यावरून. म्हणजे तुमचा अर्ज वेगळा, जन्मदाखला वेगळा, रिब वेगळा. मुलीची नोंद दोघांच्याही खाली करून घ्या, फॉर्ममध्ये तशी सोय असते. आधी तात्पुरता क्रमांक येतो आणि त्यावर काम चालतं. कायमचा क्रमांक नंतर. तुमचा क्रमांक २ ने सुरू होईल, पुढे जन्माचं वर्ष आणि महिना, मग परदेशात जन्म म्हणून ९९ आणि भारतासाठी २२३. तो आला आणि त्यातला महिना-वर्ष बरोबर आहे हे बघितलं की समजा, नावाचा घोळ मिटला. तोवरच्या काळासाठी भारतातून प्रवास विमा घेऊन या, तो लवकर बंद करू नका.

विम्याचं कार्ड आलं की ‘मेद्साँ त्रेताँ’, म्हणजे तुमचा नेहमीचा डॉक्टर, नोंदवा. साध्या डॉक्टरची फी ३० युरो आहे. नोंद असेल तर सरकारी विम्याकडून त्यातले १९ परत येतात, नसेल तर फक्त ७. नोंद असेल तर उरलेल्यातला बराचसा भाग पूरक विमा भरतो. कंपनी कर्मचाऱ्याच्या पूरक विम्याचा निदान अर्धा हप्ता भरते. त्यात कुटुंबाला घालता येतं का, हे नवऱ्याने विचारायचं. अडचण अशी की नवे पेशंट घेणारा डॉक्टर मिळणं आता सोपं राहिलेलं नाही. डॉक्तोलिब या डॉक्टरांच्या वेळा घ्यायच्या वेबसाइटवर रोज बघत राहा आणि शेजारच्या औषधाच्या दुकानात विचारा, त्यांना कोण नवं आलंय ते आधी कळतं. बायकांच्या नेहमीच्या तपासण्यांसाठी थेट ‘साज-फाम’कडे, म्हणजे प्रशिक्षित सुईणीकडे, जाता येतं, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. तातडीच्या प्रसंगी १५ किंवा ११२.

मुलीची मला सगळ्यात कमी काळजी वाटते. फ्रान्समध्ये तीन वर्षांपासून शिक्षण सक्तीचं आहे. मेरीत, म्हणजे नगरपालिकेत, पत्त्याचा पुरावा, जन्मदाखला आणि लसीकरणाची नोंद नेली की तुमच्या भागातली सरकारी शाळा मिळते, तीही मोफत. सहा वर्षांची मुलं ‘सेपे’ या वर्गात असतात. तिथे सगळीच मुलं वाचायला नुकती शिकत असतात, त्यामुळे तुमची मुलगी एकटी मागे पडलेली दिसणार नाही. भाषा नसलेल्या मुलांसाठी वेगळे वर्गही असतात, शाळेत विचारा. लसींचं पुस्तक मराठीत किंवा हाताने लिहिलेलं असेल तर इथल्या डॉक्टरकडून एकदा तपासून घ्या. शाळेच्या जेवणात आठवड्यातून एकदा शाकाहारी जेवण देणं कायद्याने बंधनकारक आहे. बाकीच्या दिवशी काय मिळतं हे गावागावावर अवलंबून आहे. मधली सुट्टी मोठी असते, तेव्हा मुलीला जेवायला घरी आणता येतं. सुरुवातीला आणा, पण काही दिवस तिला तिथे जेवू द्या. मैत्री टेबलावरच होते आणि भाषाही.

इंग्रजीचं उत्तर: नवऱ्याच्या ऑफिसात चालेल, तुमच्या दिवसात चालणार नाही. मेरी, विमा कार्यालय, शाळेतल्या बाई, डॉक्टरची रिसेप्शनिस्ट, सगळं फ्रेंचमध्ये. इथून पॅरिस रेल्वेने साडेतीन तासांवर आहे आणि पॅरिसचं इंग्रजी तिथेच राहतं. पण लोक मदत करतात, एका अटीवर. दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना, काउंटरपाशी गेल्यावर आधी ‘बोंजूर मादाम’ किंवा ‘बोंजूर मस्यू’ म्हणा, समोरच्याकडून ते परत येईपर्यंत थांबा आणि मग कामाचं बोला. आपण कामाची निकड दाखवायला थेट मुद्द्यावर येतो. इथे ते उद्धट वाटतं आणि पुढचं सगळं संभाषण थंड होतं. फोनवर बोलणं अवघड वाटत असेल तर फोन करूच नका, प्रत्यक्ष जा किंवा लिहा. महत्त्वाचं पत्र पोचपावतीच्या रजिस्टर टपालाने पाठवा. फ्रान्समध्ये त्या पावतीला वजन आहे. सरकारी वेबसाइटवर अडलात तर ‘फ्राँस सेर्व्हिस’ची केंद्रं आहेत, तिथली माणसं शेजारी बसून अर्ज भरून देतात, पैसे न घेता.

आतापर्यंतचं एकदा जुळवून घेऊ: पुण्यात नावं आणि दाखले, फ्रान्समध्ये पाऊल ठेवण्याआधी करारावर आणि विजेवर नाव, आल्यावर व्हिसाची तारीख, मग स्वतःचं खातं, स्वतःचा विमा क्रमांक. हे झालं की तुमचा तिसरा प्रश्न निम्मा सुटलेला असतो, कारण आता तुम्ही कुठेही नाव घालू शकता.

उरलेला निम्मा सप्टेंबरवर आहे. त्या महिन्यात गावोगाव संस्थांचा मेळावा भरतो. शिलाई, डोंगर चढणं, कोरस, बुद्धिबळ, स्वयंसेवी फ्रेंच वर्ग, सगळ्यांची टेबलं एका ठिकाणी. क्लेरमाँत हाताने करायचं काहीतरी निवडा, असा माझा आग्रह असतो. बोलता येत नसताना नुसत्या गप्पांच्या मंडळात माणूस कोपऱ्यात जातो. हातात काम असलं की शेजारची बाई कात्री मागते, आणि तिथून सुरू होतं. पुय द दोम समोरच आहे, १४६५ मीटर, आणि इथली माणसं रविवारी डोंगरावर जातात. सह्याद्रीत हिंडायची सवय असेल तर चालण्याच्या गटात तुम्ही पहिल्याच दिवशी रुळाल. फ्रेंच मात्र पद्धतशीर शिका. विद्यापीठात परदेशी लोकांसाठी अभ्यासक्रम आहेत, तिथे परीक्षेची पातळी मिळते. पुढे कधी दहा वर्षांचं रहिवासी कार्ड घ्यायचं ठरवलंत तर बी-१ पातळी लागते, नागरिकत्वाला बी-२. नोकरी शोधायची असेल तर फ्राँस त्राव्हाय या सरकारी रोजगार कार्यालयात नोंदणी करा. तुमचा नोकरीचा अनुभव वाया जात नाही, पण भाषेशिवाय तो दाखवता येत नाही. पहिलं वर्ष भाषेला दिलं, असं धरून चला. ते वर्ष कठीण जातं, हे लपवून सांगण्यात अर्थ नाही. विशेषतः नोव्हेंबर ते फेब्रुवारी. काळ्या दगडाचं गाव, त्यात संध्याकाळ लवकर होते.

कराचं एकच सांगते, कारण त्यात आपली माणसं हमखास अडकतात. आल्यानंतरच्या वसंतात पहिलं विवरणपत्र दोघांचं मिळून भरायचं असतं. त्याबरोबर भारतातली सगळी बँक खाती जाहीर करावी लागतात, वर्षात बंद केलेली सुद्धा, नवऱ्याची आणि तुमचीही. फॉर्म क्रमांक ३९१६. एका न सांगितलेल्या खात्याला १५०० युरो दंड आहे. खाती जाहीर केली म्हणून कर लागत नाही. येताना खात्यांचे क्रमांक, शाखेचे पत्ते आणि खातं उघडल्याच्या तारखा एका वहीत लिहून आणा. या विवरणावरून जे करपत्र येतं त्यावर तुम्हा दोघांची नावं असतात आणि पुढचं घर घेताना तेच पहिल्यांदा मागतात.

स्वयंपाकघराचं थोडक्यात. इथल्या बऱ्याच घरांत इंडक्शन असतं, त्यावर ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही. इंडक्शनच्या तळाचा स्टीलचा आणा. मिक्सर आणला तर चालतो, व्होल्टेज तेच आहे, फक्त प्लगला ॲडाप्टर लागेल. रात्री दहानंतर मात्र लावू नका. पिठाच्या पाकिटावर टी ५५, टी ८०, टी ११० असे आकडे असतात. टी ५५ जवळपास मैदाच. पोळीसाठी टी ११० घ्या, मळल्यावर जास्त वेळ झाकून ठेवा. केशरी मसूर सगळीकडे मिळते, तूरडाळ भारतीय दुकानात. शेजारच्या जिल्ह्यातल्या हिरव्या मसुरीची, ‘लाँतिय व्हेर्त द्यु प्वी’ची, आमटी जरूर करून बघा. बिनमिठाचं लोणी कढवलं की तूप उत्तम होतं, रवाळ. चीज घेताना ‘प्रेझ्युर’, म्हणजे दूध घट्ट करायला घालतात ते, कसलं आहे विचारा. सें-नेक्तेरसारख्या पारंपरिक चीजमध्ये ते वासराच्या पोटातलं असतं. फोडणीच्या वासाने घरातली हवा खेचणारी छताजवळची जाळी बंद करायचा मोह होतो. ती झाकू नका, हिवाळ्यात भिंतींना बुरशी धरते आणि ती डिपॉझिटमधून कापली जाते.

तुमच्या व्हिसाच्या स्टिकरवर ‘शेरा’च्या जागी नेमकं काय छापलंय, आणि तुमच्या जन्मदाखल्यावर पहिलं नाव आहे की नाही, एवढं कळवा. त्यावरून आधी दोन महिन्यांची तारीख पकडायची की तीन, आणि पुण्यातलं कोणतं काम या आठवड्यात उरकायचं, ते नेमकं सांगता येईल.